आधी आत्ताचं बोला

"उद्या पाऊस पडेल का?" असं रऊफभाईंना विचारलं की ते उत्तर देत नाहीत. उलट विचारतात, "आत्ता तुमच्याकडं काय हाय?"

विचारणारा गडबडतो. त्याच्या डोक्यात उद्या असतो. आत्ता काय आहे हे त्यानं पाहिलेलंच नसतं. तो म्हणतो, "आत्ता ठीकच आहे की."

"ठीक म्हंजे काय? वारा कुठून हाय? दोरीवरचे कपडे कोण्या बाजूला हालून राहिले? जा, बाहेर जाऊन बघा. मी फोन धरून हाय. उद्याचं मागून बघू, आधी आत्ताचं बोला."

आणि माणसं खरोखर बाहेर जातात हो. माझ्या बायकोलासुद्धा त्यांनी गच्चीवर पिटाळलं होतं. तिला कुरडया घालायच्या होत्या. हवामानाच्या गणितात पीएच.डी. केलेला तिचा नवरा खाली पोहे खात बसला होता, आणि ही बाई गच्चीवरून ओरडून फोनवर सांगत होती, "भाई, साडी पूर्वेकडं उडतेय!" खाली येऊन तिनं चीक ढवळायला घेतला, म्हणजे परवानगी मिळाली होती. मी म्हटलं, "मला विचारायचं होतंस." ती म्हणाली, "तुम्हाला विचारलं की तुम्ही टक्के सांगता. चाळीस टक्के पावसात कुरडई घालायची का नाही घालायची?"

तेव्हा एक गोष्ट आधीच कबूल करतो. रऊफभाईंबद्दल लिहिणारा हा माणूस त्यांच्यावर जळतो. चांगला सात-आठ वर्षं जळतो आहे.

मी मूळचा लातूरचा, नोकरीला नांदेडात. लातूरच्या माणसाला नांदेडात आधीच बरंच काही सोसावं लागतं, त्यात हे. आमच्या कॉलेजात एक लहानसा प्रकल्प चालतो. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत पुढच्या चोवीस तासांत हवा कशी राहील, याचा अंदाज आम्ही संगणकावर काढतो. आम्ही म्हणजे मी. रऊफभाई तिथं तंत्रज्ञ आहेत. गावोगावी बसवलेल्या मोजमापाच्या पेट्या पुसणं, दुरुस्त करणं आणि त्यांचे आकडे आणून देणं हे त्यांचं काम.

गणित थोडक्यात असं. उद्याचं सांगायचं तर संगणकाला आधी आत्ताची हवा सांगावी लागते. ती पुरती कुणालाच माहीत नसते, कारण पेट्या मोजक्या आणि आकाश केवढं तरी. म्हणून संगणक सहा तासांपूर्वी त्यानंच काढलेला अंदाज आत्ताचं चित्र म्हणून धरतो, आणि गावोगावच्या आकड्यांनी ते चित्र दुरुस्त करतो. कोणत्या गावचं किती ऐकायचं, हे ते गाव किती आणि कसं चुकतं यावर ठरतं. सुरुवात जेवढी खरी, तेवढा पुढचा अंदाज खरा. हे शिकायला मला सहा वर्षं लागली.

रऊफभाई दहावी झाले आणि वडिलांच्या घड्याळाच्या दुकानात बसले. लोकांनी घड्याळं घालायची सोडली तेव्हा दुकान बंद झालं आणि ते आमच्याकडं आले. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना हे गणित समजावून सांगत होतो. फळा भरला होता. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हाव सर, कळलं. घड्याळ कितीबी चांगलं चालू द्या, लावतानाच धा मिनिटं चुकलं तर जन्मभर चुकून राहतं." मी फळा पुसून टाकला.

त्यांच्याकडं निळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. प्रत्येक गावाला एक पान आणि पानावर तीन रकाने: आलेला आकडा, फरक, दुरुस्ती. उदगीरची पेटी एका हॉटेलाच्या भिंतीला टेकून आहे. तिथला तंदूर पेटला की पारा चढतो. म्हणून उदगीरच्या पानावर लिहिलंय, 'तंदूर चालू: दीड वजा. मालक गावाला: काही न्हाई.' लोह्याच्या पेटीखाली कुणीतरी शेळी बांधतं. औशाच्या पाऊस मोजायच्या भांड्यात पारव्यांचा संसार आहे. रऊफभाई आकडा बघूनच सांगतात, "सर, आज शेळी बांधली न्हाई वाटतं." ती दुरुस्ती मी संगणकात भरली की अंदाज सुधारतो. काय करणार? सुधारतोच.

वहीच्या मागच्या बाजूला माणसांची पानं आहेत. तिथंही तेच तीन रकाने. आमच्या विभागप्रमुख मॅडम 'लगेच देते' म्हणाल्या की तीन दिवस. रिक्षावाला फोनवर 'पाचच मिनिटं' म्हणाला की रऊफभाई विचारतात, "आत्ता कुठं हाईस? वाजेगावच्या पुलावर? मंग पंचवीस." आमच्या कॉलेजातल्या एका लिपिकाच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा. आम्ही सगळे बारापासून मांडवात घाम पुसत बसलो. रऊफभाई दोन वीसला आले, चप्पल काढली, कुणीतरी त्यांच्या हातात अक्षता ठेवल्या आणि मंगलाष्टक सुरू झालं. त्या घराण्याची आधीची दोन लग्नं त्यांनी वहीत नोंदवून ठेवली होती.

लोकांना हे फार आवडतं. मलाही आवडलं असतं, पण माझं दुखणं वेगळं होतं. अंदाज खरा ठरला की तो रऊफभाईंचा, खोटा ठरला की सरांच्या यंत्राचा. धर्माबादचे मिरचीवाले व्यापारी फोन करतात. उघड्यावर मिरची वाळत टाकलेली असते आणि ती झाकायची की नाही एवढंच त्यांना कळायला हवं असतं. फोन मी उचलला तर पलीकडून पहिला प्रश्न, "रऊफभाई हाईत का?" मी म्हणतो, "मी डॉक्टर बोलतोय." पलीकडून, "बरं बरं, मंग नंतर करतो." जणू मी दवाखान्यातून बोलत होतो.

कळस झाला तो पुण्याहून एक मोठे शास्त्रज्ञ प्रकल्प पाहायला आले तेव्हा. मी तीन दिवस खपून सादरीकरण केलं होतं. त्यांनी मान डोलावत ऐकलं. मग टेबलावरची निळी वही सहज उघडली आणि अर्धा तास मिटलीच नाही. "हे जे तुम्ही लिहिलंय ना," ते रऊफभाईंना म्हणाले, "हे काढायला आम्ही महिनोन्महिने घासतो." आणि त्यांनी रऊफभाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. माझा एका हातात घेतला होता. त्या दिवशी डब्यातली वांग्याची भाजी माझ्या घशाखाली उतरली नाही, आणि मी वांग्यावर जीव टाकणारा माणूस आहे.

तेव्हापासून त्या वहीत एखादी तरी चूक सापडावी म्हणून माझा जीव तळमळायला लागला. शुक्रवारी रऊफभाई नमाजाला गेले की मी वही उघडायचो. हे सांगायला लाज वाटते, पण उघडायचो. तिसऱ्या शुक्रवारी सापडली.

बिलोली! आमच्या सगळ्या केंद्रांत हे एकच जुन्या पद्धतीचं. तिथं एक निरीक्षक पेटीतला तापमापक डोळ्यांनी वाचतो आणि रऊफभाई रोज सकाळी साडेसातला फोन करून आकडा घेतात. मी दहाला येतो, त्यामुळं हा निरीक्षक कोण, मला कधी कळलं नव्हतं. फरकाच्या रकान्यात रऊफभाईंनी आजूबाजूच्या गावांशी ताडून फरक लिहिले होते. तीन वर्षांपूर्वी अर्धा अंश. मग एक. मग दीड. आता अडीच-तीन. आणि दुरुस्तीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत, पानामागून पान, रोज शून्य. शेळीची दुरुस्ती लिहिणारा माणूस बिलोलीला हात लावत नव्हता.

मला जो आनंद झाला तो कागदावर लिहिण्यासारखा नाही. मी दार लावून मागचे सगळे अंदाज बिलोली वगळून पुन्हा काढले. धर्माबादचे अंदाज चांगले सुधारले! कारण उघड होतं. बिलोलीचा आकडा खऱ्यापेक्षा थंड यायचा, संगणक तिथं नसलेली थंड हवा धरायचा, आणि शेजारच्या धर्माबादवर नसलेले ढग आणायचा. गेल्या महिन्यात दोनदा व्यापाऱ्यांनी उगाच ताडपत्र्या घातल्या होत्या, आतल्या मिरचीला घाम सुटला होता आणि शिव्या मला बसल्या होत्या.

बैठकीत मी दोन्ही नकाशे भिंतीवर लावले. "एका केंद्राची चूक तीन वर्षं वाढत गेली," मी म्हणालो, "आणि ती माहीत असून लपवली गेली. का, ते रऊफभाईंनी सांगावं."

रऊफभाई उठून नकाशांजवळ गेले. मला वाटलं, आता काहीतरी सबब सांगतील. ते म्हणाले, "हाव. बिलोली काढल्यावर सुधारलं. सरांचं बरोबर हाय." आणि खाली बसले.

मॅडमनी तिथंच ठरवलं: बिलोली केंद्र बंद, तापमापक परत आणायचा, डेडस्टॉक रजिस्टरवर माझी सही. त्या 'लगेच' म्हणाल्या आणि या वेळी खरंच लगेच आदेश निघाला.

रऊफभाईंनी एकच मागणं केलं. "जायचंच तर साडेसातच्या आत पोचू." म्हणून आम्ही जीपनं भल्या पहाटे निघालो. नरसीच्या चौकात चहा घेतला. मी खुशीत होतो. गाडी पुन्हा सुरू झाल्यावर रऊफभाई म्हणाले, "सर, एक विचारू? उद्या सकाळी साडेसातला मी काय करायचं?"

आठ वर्षांत या माणसाच्या तोंडून मी उद्याचा प्रश्न ऐकला नव्हता. तेवढ्यावरून तरी मला काही उमजायला हवं होतं. पण मी हसलो आणि म्हणालो, "रऊफभाई, उद्याचं मागून बघू. आधी आत्ताचं बोला!"

ते खिडकीबाहेर बघायला लागले.

बिलोलीत एका गल्लीच्या टोकाला लहानसं घर होतं. समोर शहाबादी फरशीचं अंगण, आणि अंगणात चार पायांवर उभी पांढरी झडपांची पेटी. सव्वासात झाले होते. रऊफभाई आत गेले. मला कसला धीर! मी पेटीचं दार उघडलं, पारा वाचला, तेवीस पूर्णांक आठ, आणि तापमापक हुकावरून काढून हातात घेतला. दुसऱ्या काखेत रजिस्टर.

तेवढ्यात घरातून एक बाई बाहेर आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, इस्त्रीची पांढरी साडी, डोक्यावर पदर, अनवाणी. मागं रऊफभाई वही-पेन घेऊन. बाई फरशीवर क्षणभर नुसत्या उभ्या राहिल्या, तळपाय टेकवून. मग सरळ पाच पावलं चालत आल्या आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पेटीच्या दाराला हात लावला. ते उघडंच होतं. "वाऱ्यानं उघडलं वाटतं," असं पुटपुटल्या. मग वाकल्या, भूगोलाच्या पुस्तकात सांगतात तशी पाऱ्याच्या उंचीला नजर आणली, आणि रिकाम्या पेटीत बघून स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "एकवीस पूर्णांक दोन दशांश. लिही."

"जी, आपा," रऊफभाई म्हणाले. "लिहिलं."

तापमापक माझ्या हातात होता.

रऊफभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांचा राग झेलायची तयारी केली होती, पण नजरेत राग नव्हता. ते मला विनवत होते. लवकर पोचू, एवढं सोडलं तर आजवर त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

"कोण आहे बरोबर?" आपांनी विचारलं. माझ्या बुटांचा आवाज त्यांनी ऐकला असावा.

"आमचे सर हाईत, आपा. कॉलेजातले."

"म्हणजे तपासणी," त्या ताठ झाल्या. "या सर. मी पस्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत भूगोल शिकवला. पारा कसा वाचायचा ते या रऊफला मीच शिकवलं. आता तुम्हीच सांगा, माझे आकडे तुमच्या कामाला येतात का? खरं सांगा. येत नसतील तर ही पेटी आत्ताच घेऊन जा. कामाचं नसलेलं काही मी दारात ठेवत नाही."

मी तेच सांगायला आलो होतो. त्यासाठी तीन शुक्रवार घालवले होते, नकाशे काढले होते, माझ्या काखेत रजिस्टर होतं. मी म्हणालो, "येतात. रोज येतात."

"ऐकलंस रऊफ?" त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या. जाताना पावलं मोजत गेल्या.

मी तापमापक परत अडकवला. एका हातानं जमेना, तेव्हा रजिस्टर खाली ठेवलं. रऊफभाई हलक्या आवाजात बोलायला लागले. आपा म्हणजे त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, हिनंच वाढवलं. तीन वर्षांपासून काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण आता नजर पुरती गेली हे आपांनी कुणाला सांगितलेलं नाही, रऊफभाईंनाही नाही. त्यांनी ते आकड्यांवरून ओळखलं. अर्धा अंश, एक अंश, दीड अंश. त्या पानावर मला कामचुकारपणा दिसला होता. त्यांनी त्यात बहिणीचे डोळे जाताना रोज पाहिले होते.

"तळपायावरून सांगती," ते म्हणाले. "फरशी थंड लागती सकाळची. म्हणून कमी येतं."

"त्यांना नांदेडला का घेऊन जात नाही?"

"म्हणलं होतं. दोन महिने बोलली न्हाई माझ्याशी. कुणाच्या घरी बसून खाणार न्हाई म्हणती. नुस्ता फोन केला, कशी हाईस विचारलं, तर म्हणती, तुला कामं न्हाईत का? आणि ठेवून देती. आकडा विचारला की बोलती. आकड्याच्या आधी खोकला आला तर कळतं, सर्दी झाली. फोन उशिरा उचलला तर कळतं, गुडघा दुखून राहिला."

"पण दुरुस्ती लिहायची ना. वहीत."

"लिहिली असती तर तुम्ही विचारलं असतं, कामून वाढून राहिली. मंग मला सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगू का सर, शेळीचं लिहायला हात उठतो. हिचं लिहायला उठला न्हाई. मिरचीवाल्यांचं नुसकान झालं, ती माझी चूक हाय."

तेव्हा मला आठवलं की रऊफभाईंनी लग्न केलेलं नाही. बंद पडलेल्या दुकानाच्या माडीवर ते एकटेच राहतात. लोक दिवसभर त्यांना फोन करतात, पण ते स्वतः होऊन फोन लावतात तो हा एकच. आतून आपांनी हाक मारली. चहात साखर जास्त झाली होती. आम्ही दोघांनीही चांगला झाला म्हणून सांगितलं.

परत आल्यावर मी मॅडमना अहवाल दिला. आमच्या गणितात एक सोय असते. एखाद्या केंद्राचा आकडा रोज घ्यायचा, ताडून पाहायचा, नोंदवायचा, पण सुरुवातीच्या चित्रात मिसळायचा नाही. बिलोलीला मी त्या यादीत टाकलं, आणि खाली लिहिलं, 'आकडा रोज सकाळी साडेसातला फोनवरूनच घेणे बंधनकारक.' मॅडमनी 'फोनवरूनच का?' असं विचारलं. मी तोंडाला येतील तेवढे इंग्रजी शब्द वापरले आणि त्यांनी सही केली. रऊफभाईंनी आदेश दोनदा वाचला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि औशाच्या पारव्यांकडं निघून गेले. आभार वगैरे काही मानले नाहीत.

धर्माबादचे अंदाज आता बरे येतात. व्यापारी अजून रऊफभाईंनाच विचारतात. बायको पापडाच्या वेळी पुन्हा गच्चीवर गेली होती. आणि मी अजून जळतोच. उलट हल्ली मी काही ना काही निमित्त काढून सकाळी लवकर कॉलेजात जातो आणि शेजारच्या खोलीत बसून ऐकतो. साडेसातला रऊफभाई फोन लावतात. "आपा, आत्ता काय हाय?" पलीकडं कुणीतरी अंगणात उभं राहून त्या फोनची वाट पाहत असतं. माझ्या फोनची अशी वाट कुणी पाहत असेल, असं मला वाटत नाही.

मागच्या शुक्रवारी पुन्हा राहवलं नाही. ते नमाजाला गेल्यावर मी वही मागून उघडली आणि माझं पान शोधलं. होतंच. 'सर म्हणाले, आलोच: फरक चाळीस मिनिटं.' 'सर म्हणाले, मला काही वाटत न्हाई: फरक, लई वाटतं.' दुरुस्ती, 'रागात असले की निम्मं धरावं.' दीड पान असंच. शेवटच्या ओळीत बिलोलीला गेलो त्या दिवसाची नोंद होती. 'सर आपाला म्हणाले, आकडे रोज कामाला येतात.' फरकाच्या रकान्यात, 'साफ खोटं.' दुरुस्तीच्या रकान्यात, शून्य.

माझ्या पानावर ते एकच शून्य आहे. बिलोलीच्या पानावर रोज एक शून्य आहे, आणि त्याचा मला अजून हेवा वाटतो.